एका पायातला तोडा

आपण चुकलो हे कळल्यावर आनंदानं ओरडत जिना चढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता. रविवारची सकाळ, सात वाजलेले, मी अजून अंथरुणात, आणि दारावर धडाधड थापा. "अगं ऊठ! मी चुकलो! पूर्ण चुकलो!" दार उघडावं तर समोर अण्णा. अंगात बनियन, कमरेला पंचा, हातात चिरोट्यांचे दोन पुडे आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद. चूक सापडली की चिरोटे, हा त्यांचा नियम होता. दुसऱ्याची सापडली तर एक पुडा, स्वतःची सापडली तर दोन.

पहिल्यांदा हे घडलं ते बसवरून. मी पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगळूरला आले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. ऑफिस इंदिरानगरला, खोली चामराजपेटेत अण्णांच्या माडीवर. कुठली बस मला थेट ऑफिसला नेईल यावर आमचं तीन आठवडे भांडण चाललं होतं. त्यांनी सांगितलेल्या बसमध्ये मी इमानानं बसायचे आणि रोज भलतीकडे उतरून घामाघूम होत चालत जायचे. शेवटी एका शनिवारी ते स्वतः त्या बसमध्ये बसले, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, ड्रायव्हरशी तासभर गप्पा मारून आले आणि दुसऱ्या दिवशी चिरोटे घेऊन वर. म्हातारा ठार वेडा आहे, असं मी आईला पत्रात लिहिलं. पुढं पाच वर्षं त्या घरात राहिले. मत फारसं बदललं नाही, पण जीव मात्र जडला.

अण्णांचा मूळपुरुष मराठी फौजेबरोबर कारकून म्हणून इकडं आला, त्याला साडेतीनशे वर्षं झाली असतील. तेव्हापासून हे कुटुंब इथंच. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. "स्वल्प बस की. कॉफी होतंय. साखर किती, सांगून ठेव, मग रडू नको." मी हसले तर म्हणाले, "हास, हास. तुमच्या पुण्याचं मराठी काल झालेलं आहे. आमचं जुनं स्टॉक आहे, अजून गंजलं नाही."

निवृत्त होईपर्यंत ते यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात तपासनीस होते. तयार झालेला प्रत्येक भाग मोजायचा, आणि केसभर कमीजास्त असला तर त्यावर लाल खडूनं फुली मारायची. नोकरी सुटली पण खडू सुटला नाही. तो कायम खिशात. दरवाजा नीट लागत नाही, फुली. वर्तमानपत्रात चुकीची बातमी, फुली. मी हौसेनं नव्या चपला घेऊन आले तर उचलून उलट्या केल्या, तळव्यावर फुली मारली आणि म्हणाले, "पंधरा दिवस." बाराव्या दिवशी चप्पल तुटली. तेव्हाही ते चिरोटे घेऊन आले, कारण तीन दिवसांचा हिशेब चुकला होता. एकदा त्यांनी उपम्याच्या पातेल्याला फुली मारली. आतून वहिनी आली, त्यांच्या हातातला खडू काढून घेतला आणि त्यांच्याच कपाळावर एक रेघ ओढून परत आत गेली. दिवसभर ते रेघ न पुसता हिंडले. म्हणाले, "साहेबांची सही आहे, पुसायची नाही."

ही वहिनी म्हणजे घरातलं दुसरं आणि शेवटचं माणूस. अण्णा तिला कानडी रीतीनं अत्तिगे म्हणत, बाकी सगळे अक्का, मीही. सोळाव्या वर्षी या घरात सून म्हणून आली तेव्हा अण्णा सात वर्षांचे होते. त्यांना न्हाऊ घालण्यापासून सगळं अक्कांनीच केलं. पुढं अक्कांचे यजमान, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, लवकर गेले. अण्णांनी लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा भोचकपणे विचारलं, तर म्हणाले, "मुलगी मोजायला गेलो असतो, तिनं मलाच रिजेक्ट केलं असतं."

आता मूळ गोष्टीकडे येते. के. आर. पुरमच्या पुढं, तेव्हा जिथं शहर संपायचं तिथं, एक दगडी कल्याणी होती. कल्याणी म्हणजे चारी बाजूंनी पायऱ्या उतरत गेलेलं चौकोनी तळं. बंगळूर पाहायला येणाऱ्यांच्या बसगाड्या तिथं थांबायच्याच. पोस्टकार्डांवर तिचं चित्र असायचं, कानडी सिनेमातल्या नट्या तिच्या पायऱ्यांवरून गाणं म्हणत उतरायच्या. आणि ही कल्याणी अण्णांच्या मूळपुरुषानं बांधलेली! पाण्याच्या जरा वर, भिंतीत, एक बाई कोरलेली होती. दोन्ही हात वर केलेले, एका पायात जाड तोडा, दुसरा पाय मोकळा. तिची गोष्ट अण्णांच्या तोंडून ऐकायची. पुण्या-मुंबईहून आलेली आमच्यासारखी संगणकवाली मंडळी जमवून ते रविवारी तिथं घेऊन जायचे, सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहायचे आणि सुरू करायचे.

मोठा दुष्काळ पडला. कल्याणी खणली, खणली, पण पाण्याचा थेंब नाही. देवीनं स्वप्नात येऊन घरातली लक्ष्मी मागितली. थोरली सून कुणाला न सांगता पहाटे उठली, शालू नेसली आणि पायऱ्या उतरू लागली. इथं अण्णा स्वतः उतरू लागायचे. उतरता उतरता तिच्या एका पायातला तोडा निसटला. ती थांबली नाही. शेवटच्या पायरीवर पाऊल टाकलं आणि पाणी उसळलं! सून पाण्यात गेली, हात वर करून गावाला आशीर्वाद देत गेली. इथं अण्णांचा आवाज हटकून फुटायचा. मी ती गोष्ट दहा-बारा वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. आईला मी ती पाच पानी पत्रात लिहून पाठवली होती.

या गोष्टीला धरून एक रीत होती. माघी पौर्णिमेच्या सकाळी सगळे मराठी लोक कल्याणीवर जमायचे, आणि अण्णांच्या घरची सून खाली उतरून त्या दगडी बाईच्या मोकळ्या पायात चांदीचा तोडा घालायची. निसटलेला तोडा सुनेनं सुनेला परत द्यायचा. तो मोकळा पाय भिंतीपासून सुटा कोरलेला होता, तोडा बरोबर बसायचा. मग दिवा, आरती, जेवण. संध्याकाळी तोडा परत घरच्या पेटीत.

हा मान अक्कांचा होता. यजमान गेले तेव्हा लोक म्हणाले होते, विधवेच्या हातून तोडा कसा चालेल? अण्णा तेव्हा नुकते नोकरीला लागलेले, विशीतले. भर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "सून ती सून. अत्तिगेच तोडा घालतील. चालत नसेल तर तोडा आमच्या पेटीत आहे, तो बाहेर येणार नाही." लोक महिनाभर धुसफुसले आणि मग गप्प बसले. त्यामुळं वर्षभर कुणाच्या मुंजीत, डोहाळजेवणात ज्यांना कुणी पुढं बोलवत नसे, त्या अक्का माघी पौर्णिमेला जरीचं लुगडं नेसून वाजंत्रीच्या मागं चालायच्या आणि सवाशिणी वाकून त्यांच्या पाया पडायच्या. आदल्या दिवशी तोडा चिंचेनं घासताना एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "माझा तेवढाच एक दिवस गं."

आणि अण्णांचं काय स्वप्न होतं? दगड! शहरातल्या जुन्या वास्तूंची देखभाल करणाऱ्या एका समितीला ते वीस वर्षं पत्रं लिहीत होते की कल्याणीवर तिची गोष्ट कोरलेला दगड लावा. उत्तर येत नसे. आलंच तर त्यात चूक असे, मग अण्णा फुली मारून ते परत पाठवत. आणि एक दिवस मंजुरी आली! त्या दिवशी घरात जे झालं ते सांगून कळणार नाही. मंजुरीचं पत्र त्यांनी मला वाचायला लावलं, अक्कांना ऐकवायला लावलं, पोस्टमनला थांबवून परत वाचायला लावलं. मजकूर कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही त्यांचेच. मी ऑफिसात तो टाइप करून दिला. स्वल्पविरामावरून आमची दोनदा भांडणं झाली. दगड घडून आला, माघी पौर्णिमेला कुणी मोठा अधिकारी त्यावरचा पडदा ओढणार होता, आणि त्याआधी अण्णा भाषण करणार होते.

भाषणात मूळपुरुषाचं पूर्ण नाव चुकू नये, एवढ्यासाठी त्यांनी रुमाल सोडला. रुमाल म्हणजे जुन्या कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. ते पिढ्यान् पिढ्या तोड्याच्याच पेटीत, तोड्याखाली पडून होतं. कागद मोडीत. अण्णा निवृत्त झाल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थाकडं जाऊन मोडी शिकले होते, पण शिकलेलं वापरायला आजवर निमित्त मिळालं नव्हतं.

पौर्णिमेला पंधरा दिवस होते. रविवारी सकाळी थापा आल्या, पण या वेळी हातात चिरोटे नव्हते. "खाली ये. आधी खाली ये. मी जे वाचतोय ते मी वाचतोय का बघ." मला मोडीतलं ओ की ठो कळत नाही, हे सांगायलाही त्यांनी वेळ दिला नाही. खालच्या खोलीत जमिनीवर कागद पसरलेले होते. स्वयंपाकघरात अक्का दगडावर चटणी वाटत होत्या. अण्णांनी भिंगातून एकेक शब्द बोटानं दाखवत वाचायला सुरुवात केली.

पत्र मूळपुरुषानं आपल्या थोरल्या भावाला लिहिलेलं होतं. कल्याणीचं काम बरं चाललंय. कातळ फुटला आणि पाणी एकाएकी उसळलं. खाली खणणारे होते ते सगळे वर आले. आपल्या घरची बटीक यल्ली मात्र येऊ शकली नाही, कारण ती आपल्या गावाकडं दोनदा पळाली होती म्हणून तिच्या एका पायात बेडी होती आणि बेडीची साखळी खाली कातळात ठोकलेल्या पहारीला होती. मग चुन्याबद्दल चार ओळी, चुना ओला आला, दुसरा पाठवा. मग, यल्लीच्या बदली दुसरी बटीक पाठवा. आणि शेवटी, पाण्यानं बळी घेतला असं मजूर बोलतात, बोलू द्यावं, त्यानं काम जोरात होतंय.

"चुन्याला चार ओळी," अण्णा म्हणाले, "आणि तिला दीड."

गुलाम म्हणजे दूर अमेरिकेत, जहाजात कोंबून नेलेले, हे मी शाळेत शिकले होते. आपल्याकडं? घरात? 'मी काय तुमची बटीक आहे का?' असं माझी आई चिडली की म्हणायची आणि आम्ही हसायचो. हा शब्द कधीतरी एखाद्या खऱ्या बाईला लावलेला होता, तिला विकत आणलेलं होतं आणि तिला नाव होतं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

पण अण्णा तोवर उठून उभे राहिले होते. त्यांना बसवेना. त्यांनी कपाटातून एक जुनी वही काढली. "हे बघ! बारा वर्षांपूर्वी मी तिचा तोडा मोजलाय. व्हर्नियर घेऊन गेलो होतो मी! जाडी बघ. एवढा जाड तोडा कुठली बाई घालील? नक्षी नाही. आणि मागं हा लहानसा उंचवटा. सगळे म्हणायचे फूल आहे. मी तेव्हाच प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, बघ की! फूल नाही ते, कडी आहे. साखळीची कडी!" ते खोलीभर फिरू लागले. "आणि हात! अय्यो, ते हात! आशीर्वाद कसला देतेय ती? वर ओढा म्हणून हात मागतेय! पाथरवट तिच्याबरोबर खाली काम करत होता गं. त्यानं पाहिलं ते कोरलं. त्यानं खरं सांगितलं, आणि साडेतीनशे वर्षं आम्ही मूर्खासारखं उलटं वाचलं. आपल्या घरची एक बाई पाण्यात गेली एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मग बटकीच्या पाया कोण पडणार? म्हणून तिची सून केली. मी चुकलो! अगं, मी आजवर एवढा कधीच चुकलो नव्हतो!"

आणि मीही पेटले, खोटं कशाला बोलू? आम्ही दोघं त्या कागदांभोवती नुसते नाचत होतो. त्यांनी दगडाच्या मजकुराचा कागद ओढला आणि त्यावर ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल फुली मारली. मी म्हटलं, आता चिरोटे किती पुडे? ते म्हणाले, दुकानच घेऊन येतो!

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चटणी वाटण्याचा आवाज केव्हाचा थांबलेला होता. मी वळून पाहिलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला ओलं खोबरं लागलेलं. त्या आत गेल्या, आणि त्या दिवशी घरात कॉफी झाली नाही.

आठ दिवस अक्का आमच्याशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. अण्णांच्या हे ध्यानातही आलं नाही. ते वेड्यासारखे लोकांना कागद दाखवत सुटले होते. मग मराठी मंडळाचे अध्यक्ष घरी आले. मोठे भले गृहस्थ, बोम्मसंद्रात त्यांचा कारखाना, माघी पौर्णिमेचं जेवण दरवर्षी त्यांच्याकडून असायचं. मी जिन्याच्या पायरीवर कॉफी घेऊन बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, त्या काळी सगळीकडंच असं होतं. आपणच एकट्यानं का उघडं पडायचं?" ते म्हणाले. "आधीच आपण इथं बाहेरचे. साडेतीनशे वर्षं झाली तरी विचारतात, तुमचं गाव कुठलं? त्यात हे सांगायचं?"

"यल्ली बाहेरची नव्हती," अण्णा म्हणाले. "यल्ली इथलीच होती. आपण बाहेरून आलो आणि तिला तिच्याच गावात बांधून घातलं."

"कागद पेटीत ठेवून द्या हो. मोडी कुणाला येतंय आता?"

"मला येतंय की!"

अध्यक्षांनी हात जोडले. चपला घालता घालता मात्र ते वळले आणि हळूच म्हणाले, "निदान अक्कांचा तरी विचार करा. त्या कल्याणीतल्या सुनेमुळं त्यांना सून म्हणून मान आहे. तिथं सूनच नव्हती म्हटल्यावर त्यांना काय राहिलं?"

ते गेले. अण्णा ओट्यावर बसले ते बसलेच. खिशातला खडू काढला, हातात फिरवला, परत ठेवला. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. ज्या मानासाठी ते विशीत अख्ख्या सभेशी भांडले होते, तोच आता आपल्या हातानं काढून घेत होते, आणि वर दुकानभर चिरोटे आणायला निघाले होते! मला माझीही लाज वाटली. मीही नाचलेच होते.

बऱ्याच वेळानं ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"अत्तिगे," ते म्हणाले, "मी चुकलो."

हे त्यांचं नेहमीचंच वाक्य, पण आवाज नेहमीचा नव्हता. "तुम्ही सांगाल तसं करतो. तुम्ही म्हणाल तर रुमाल बांधून ठेवतो. तुम्ही आहात तोवर सोडणार नाही. भाषण जुनंच करतो."

अक्का कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "त्या कागदात," त्या म्हणाल्या, आठ दिवसांतलं ते त्यांचं पहिलं वाक्य, "तिला बाहेर काढल्यावर बेडी तोडली, असं लिहिलंय का रे?"

अण्णा धावत गेले, भिंग घेऊन पत्र पुन्हा वाचलं, मागून पुढून पाहिलं. "नाही लिहिलेलं."

"म्हणजे तशीच गेली." अक्कांनी काड्या बाजूला केल्या. "एक पाय तरी मोकळा होता तिचा. त्यात मी घालत आले. चाळीस वर्षं."

हे अण्णांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही. आम्ही जाडी मोजली, कडी पाहिली, हात पाहिले, सगळं सिद्ध केलं, आणि दरवर्षी वाजतगाजत जाऊन तिच्या सुट्या पायात आपण काय घालतो हे काही आम्हाला दिसलं नाही. अक्का म्हणाल्या, "सरी, बरंय. जा आता, मला काम आहे." दगडाचं काय, भाषणाचं काय, मानाचं काय, हो की नाही, काहीच सांगितलं नाही. आणि पुन्हा विचारायचं धाडस आमच्यापैकी कुणाला झालं नाही.

पौर्णिमेपर्यंतचे ते दिवस कसे गेले ते आम्हीच जाणे. अण्णांनी दोन भाषणं लिहिली, एक जुनं, एक नवं. आदल्या दिवशी अक्का नेहमीसारख्या तोडा घासायला बसल्या. ते पाहून अण्णांनी नवं भाषण घडी करून माझ्याकडं दिलं. "ठेव तुझ्याकडं. अत्तिगेंचं ठरलंय." मी मनातून खट्टू झाले. मग वाटलं, तू कोण खट्टू होणारी? तुझा कुठला दिवस जाणार होता?

सकाळी कल्याणीवर हीऽ गर्दी! वाजंत्री, हार, वरच्या पायरीशी पिवळ्या कापडानं झाकलेला दगड, शेजारी खुर्चीवर अधिकारी. अध्यक्षांनी अण्णांकडं पाहून समाधानानं मान हलवली. अक्का जरीचं लुगडं नेसून, ताटात तोडा आणि दिवा घेऊन एकेक पायरी उतरू लागल्या. मी त्यांच्या मागं होते, पाय घसरला तर धरायला. खाली पोचल्यावर अक्का त्या दगडी बाईसमोर बसल्या. वाजंत्री थांबली. या वेळी नेहमी घंटा वाजायची.

अक्कांनी ताट खाली ठेवलं. दिवा लावला. तोड्याला हात लावला नाही. त्या कोरलेल्या पायातल्या जाड कड्यावरून त्यांनी एकदा बोटं फिरवली, आणि उभ्या राहून वर तोंड करून बोलल्या. चार भिंतींत त्यांचा आवाज असा घुमला की सगळ्यात मागचा माणूसही ऐकत होता. आधी मराठीत, मग तेच कानडीत, कारण गावातले लोकही आले होते.

"ही आमची सून नव्हे. सून मी. हिला आमच्या लोकांनी बांधून कामाला लावलं होतं. हे कडं बेडीचं आहे. हिचं नाव यल्ली. माझ्या दिरापाशी कागद आहे, त्यानं मला वाचून दाखवलंय."

वरून एक बाई ओरडली, "अक्का, मग तोडा?"

"एक पाय मोकळा आहे तिचा," अक्का म्हणाल्या. "मोकळा राहू दे. घातला तेवढा साकु, पुरे."

मग गलका सुरू झाला. कुणी रागावलं, कुणी अध्यक्षांना धरलं, कुणी अक्कांना भ्रम झाला म्हणालं. गावाकडच्या काही बाया मात्र पायऱ्या उतरून खाली येऊ लागल्या, आणि मी पाहिलं की त्या अक्कांच्या पाया पडायला येत नव्हत्या. त्या सरळ भिंतीपाशी जाऊन त्या बाईचे हात बघत होत्या. एकीनं आपला हात वर करून तिच्या हाताला लावला. मी तिथंच हमसून रडले, आणि रडता रडता मला हसायला येत होतं, कारण वर अण्णा अधिकाऱ्यासमोर आडवे उभे राहून कापड ओढू देत नव्हते. "मजकूर रिजेक्ट आहे साहेब! माझाच आहे, म्हणून तर सांगतो! वीस वर्षं लावलीत, आणखी दोन महिने लावा!"

जेवणाला फारसं कुणी थांबलं नाही. अध्यक्ष आमच्याशी न बोलता गाडीत बसले. परतताना वाजंत्री नव्हती, सवाशिणी नव्हत्या. आम्ही तिघं के. आर. पुरमहून साधी बस धरली. अक्का खिडकीपाशी, मध्ये अण्णा, कडेला मी. जरीच्या लुगड्याकडं बसमधले लोक टकामका पाहत होते. पहिला अर्धा तास अण्णा नुसते उसळत होते, ती बाई कशी आली, तिनं हात कसा लावला, अधिकारी कसा घाबरला. मग एकाएकी त्यांचे डोळे भरून आले.

"अत्तिगे," ते म्हणाले, "तुमचा एकच दिवस होता. तोही मी घालवला."

अक्का खिडकीबाहेर पाहत होत्या. "तू कुठला घालवतोस?" त्या म्हणाल्या. "मी दिला तिला." आणि ऊन लागतंय म्हणून त्यांनी अण्णांना जरा सरकायला सांगितलं.